मग म्हैस कुठे झोपली?

नवी मुंबईत, कोपरखैरण्यातल्या एका लहानशा बालवाडीत मी चोवीस वर्षे बाई म्हणून काम केले. दर वर्षी जून महिन्यातल्या पहिल्या पालकसभेत, डबा आणि गणवेशाविषयीच्या सूचना देऊन झाल्या की, मी एक प्रश्न आवर्जून विचारत असे: घरी मुलाला गोष्ट कोण सांगते? सुरुवातीच्या वर्षांत निम्मे हात वर होत आणि त्यांतले बरेचसे आज्यांचे असत. पुढे आज्या गावाकडे राहू लागल्या, आया कामाला जाऊ लागल्या, घराघरांत फोन आले आणि वर होणारे हात कमी कमी होत गेले. कारण विचारले की सगळ्यांसमोर मिळणारे उत्तर ठरलेले असे, ‘बाई, वेळच मिळत नाही.’ सभा संपून चपला घालताना मात्र एखादी आई किंवा एखादे वडील मागे रेंगाळत आणि खालच्या आवाजात खरे कारण सांगत, ‘आम्हाला गोष्टी येत नाहीत.’

वेळेची अडचण खरी आहे आणि तिच्याविषयी पुढे लिहिणारच आहे, पण मला मुख्यत्वे बोलायचे आहे ते या दुसऱ्या उत्तराविषयी. गोष्ट सांगणे ही एक कला आहे, तिच्यासाठी कमावलेला आवाज हवा, हातवारे हवेत, पुष्कळ पुस्तके वाचलेली हवीत, अशी समजूत अनेकांनी करून घेतलेली असते. आणि ती होण्यात आम्हा शिकवणाऱ्यांचाही वाटा आहे, कारण कथाकथनाच्या स्पर्धा आम्हीच भरवल्या आणि बक्षिसेही आम्हीच वाटली. चार वर्षांच्या मुलाला घरी हवी असते ती गोष्ट निराळी असते. ती त्याच्या माणसाच्या तोंडून, घरच्या बोलीत, त्याच्यासाठी म्हणून सांगितलेली असते, आणि तिच्यात मध्येच बोलायला त्याला जागा असते. एवढे असले की बाकीच्या उणिवा मुलाच्या लक्षातही येत नाहीत.

कोपरखैरणे आणि घणसोली या भागांत माथाडी कामगारांच्या वसाहती आहेत. मुंबईतला कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार १९८१ मध्ये वाशीला आला, मागोमाग मसाला, धान्य, फळे, भाजी असे इतर बाजार आले आणि पाठीवर पोती वाहणारी सातारा-सांगलीकडची माणसेही खाडी ओलांडून इकडे राहायला आली. अशाच एका कुटुंबातले वडील एका सभेनंतर माझ्यापाशी थांबले. मुलगी त्यांच्या कडेवर होती. ‘बाई, मी नववीतून शाळा सोडली, मला काय गोष्ट येणार?’ असे ते म्हणाले. मी त्यांना गाव विचारले, तर ते पाटण तालुक्यातले, म्हणजे माझ्याच माहेरच्या बाजूचे निघाले. मग मी सहज विचारले, ‘तुमचे वडील मुंबईत पहिल्यांदा आले ते कसे आले?’

ते आधी थोडे अडखळले आणि मग बोलू लागले. वडील एसटीने आले होते, पिशवीत तीन दिवसांच्या भाकऱ्या आणि लसणाची चटणी होती, ज्या गाववाल्याचा पत्ता घेऊन आले तो त्याच दिवशी गावी गेलेला निघाला, आणि मशीद बंदरच्या एका गोदामात त्यांनी पहिली रात्र कांद्याच्या पोत्यांवर झोपून काढली. रात्रभर डोळ्यांतून पाणी येत होते. ते कांद्याने येत होते की आईच्या आठवणीने, हे त्यांना पुढे कधी ठरवता आले नाही. एवढे सांगून ते गृहस्थ थांबले. कडेवरची मुलगी त्यांची हनुवटी स्वतःकडे वळवून म्हणाली, ‘मग?’

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात ती गोष्ट सांगितली. तिच्या सांगण्यात आजोबा पोत्यांच्या डोंगरावर झोपले होते आणि कांदेही रडत होते. त्यानंतर आठवडाभर माझ्या वर्गात पोत्यांचा खेळ चालला होता. चार मुले पोती होऊन पडायची आणि पाचवे त्यांच्यावर झोपून रडण्याचे सोंग करायचे. मी त्या वडिलांना निरोप पाठवला की तुम्हाला गोष्ट येते, आणि ती आता सव्वीस मुलांना येते.

घराण्याच्या अशा आठवणींचा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी केला आहे. आजी-आजोबा कुठे वाढले, आई-वडील एकमेकांना कसे भेटले, घरावर कोणते संकट आले होते, असे वीस प्रश्न त्यांनी मुलांना विचारले. ज्या मुलांना घरची अशी माहिती अधिक होती, त्यांचा स्वतःवरचा विश्वासही अधिक असल्याचे त्यांना आढळले. ती मुले बालवाडीच्या वयापेक्षा मोठी होती, हे सांगायला हवे. आणि त्या संशोधकांनीच बजावले आहे की वीस उत्तरे पाठ करून घेतल्याने काही साधणार नाही, कारण त्या माहितीमागे वर्षानुवर्षे एकत्र बसून झालेले बोलणे असते. मला त्यांची ही पुस्ती अधिक महत्त्वाची वाटते, कारण हे वाचून कोणी मुलासमोर वंशावळ घेऊन बसेल अशी भीती मला खरोखर वाटते.

ज्यांना घरच्या आठवणी लगेच सुचत नाहीत, त्यांच्याजवळ चिऊ-काऊची गोष्ट असतेच. मेणाचे घर आणि शेणाचे घर, पाऊस, वाहून गेलेले घर आणि दार ठोठावणारा कावळा. इतकी वर्षे शिकवूनही या गोष्टीच्या घडणीचे मला नवल वाटते. चिमणी दार न उघडण्याची कारणे देते ती कोणती? बाळाला आंघोळ घालते आहे, अंग पुसते आहे, तीट लावते आहे, जेवू घालते आहे, झोपवते आहे. ऐकणाऱ्या मुलाचा अख्खा दिवस तिच्या उत्तरांतून क्रमाने जातो. पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असते, कारण कालच त्याच्या बाबतीत ते घडलेले असते, आणि म्हणून अडीच वर्षांचे मूलही चिमणीच्या वतीने उत्तर देऊ शकते. ज्या कोण्या बाईने ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली असेल, तिने ती हातातले काम न सोडता सांगितली असणार, असे मला नेहमी वाटते.

या गोष्टीने एकदा माझी चांगली परीक्षा घेतली. वर्गातला एक मुलगा शेवटी हुंदके देऊन रडू लागला, कारण कावळा भिजला होता आणि चिमणीने दार उघडले नव्हते. मी त्याला समजावू लागले की कावळ्याने आधीच घर नीट बांधायला हवे होते, कारण लहानपणी मला तसेच समजावले होते. तो म्हणाला, ‘पण त्याच्याकडे मेण नव्हते.’ मला उत्तर सुचेना. मग मी वर्गालाच विचारले की आता काय करायचे. कोणी सुचवले की चिमणीने टॉवेल द्यावा, कोणी म्हणाले की कावळ्याला गॅलरीत बसू द्यावे, आणि एका मुलीने बाळ झोपले असल्यामुळे कावळ्याने हळू आवाजात आत यावे अशी अट घातली. तेव्हापासून माझ्या वर्गात कावळा हळू आवाजात आत येतो. मी तात्पर्य सांगून मोकळी झाले असते, तर त्या मुलाचे रडणे थांबले असते, परंतु त्याचा विचारही तिथेच थांबला असता. लहान मुलांच्या गोष्टीला बोध चिकटवू नये, हे मला त्या दिवशी पटले; गोष्ट संपली की गप्प बसावे आणि मूल काय बोलते ते ऐकावे.

मूल मध्ये बोलले की अनेक पालक ‘आधी ऐक तर’ म्हणून त्याला थांबवतात. तसे करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. १९८८ मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना चित्रांची पुस्तके दाखवताना प्रश्न विचारायला, मुलाच्या उत्तरात थोडी भर घालून ते त्याला परत द्यायला आणि हळूहळू गोष्ट मुलाच्याच तोंडी सोपवायला शिकवले. दुसऱ्या गटातले पालक नेहमीसारखेच वाचत राहिले. महिनाभरातच पहिल्या गटातली मुले बोलण्याच्या चाचण्यांत स्पष्टपणे पुढे गेली. यात अवघड काहीच नाही. मूल म्हणते, ‘भू भू’. आपण म्हणायचे, ‘हो, काळा भू भू, आणि तो पावसात भिजलाय, नाही का? कुठे चाललाय तो?’ उत्तर यायला वेळ लागतो, तेवढा थांबण्याचा धीर मात्र हवा, आणि मोठ्या माणसांना सर्वांत जड जाते ते हेच थांबणे.

तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा कंटाळा येतो, अशी तक्रारही मी वारंवार ऐकली. मुलांना मात्र त्या पुनरावृत्तीची गरज असते. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तीन वर्षांच्या ज्या मुलांनी त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकल्या, त्यांनी नवे शब्द अधिक चांगले शिकले. ज्यांना दर वेळी निराळी गोष्ट मिळाली, त्यांच्या कानांवर ते शब्द तितक्याच वेळा पडूनही ती मागे राहिली. पहिल्या वेळी मूल पुढे काय होते एवढेच धरते, आणि शब्दांकडे लक्ष द्यायला त्याला सवड मिळते ती नंतर. म्हणून ‘परत सांग’ म्हणणाऱ्या मुलाला परत सांगावे, आणि एक शब्द बदलला तरी ते चूक काढते याचे कौतुक करावे.

बोलीचा प्रश्न मला अधिक जिव्हाळ्याचा आहे. नवी मुंबईतल्या गावठाणांत आगरी-कोळी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. घणसोली गावातल्या एका आजींना मी नातवाला गोष्टी सांगण्याचा आग्रह केला, तेव्हा त्या संकोचून म्हणाल्या की आमच्या तोंडी ‘ळ’ येत नाही, ‘ल’ येतो, पोराची भाषा बिघडेल आणि शाळेत त्याला हसतील. मला फार वाईट वाटले, कारण हा संकोच त्यांच्या मनात बाहेरून, आमच्यासारख्या शिकलेल्या माणसांकडून आलेला होता. लहानपणी ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरून, बिळात आकडी घालून चिंबोरी, म्हणजे खेकडा, कशी काढायची, निवट्या हे लहान मासे चिखलावरून कशा उड्या मारत पळतात, चिंबोरीने बोट पकडले तर काय करायचे, हे सगळे त्या बाईंना ठाऊक होते. ती खाडी अजून तिथेच आहे. ठाण्याच्या खाडीतले रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला दुरून लोक येतात आणि २०२२ मध्ये तिचा महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या ‘रामसर’ या आंतरराष्ट्रीय यादीत समावेश झाला. पण चिखलात उतरलेल्या मुलीची गोष्ट फक्त त्या आजींजवळ होती, आणि ती पुस्तकी मराठीत सांगता आलीच नसती. मुलाला शाळेची भाषा शाळेत मिळतेच. घरच्या बोलीत भरपूर ऐकलेले आणि बोललेले मूल ती भाषा लवकर उचलते, हा माझा चोवीस वर्षांचा अनुभव आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हे शिकण्याचे माध्यम असावे असे म्हटले आहे.

त्या आजी पुढे वर्गात आल्या आणि त्यांनी त्यांच्याच बोलीत चिंबोरीची गोष्ट सांगितली. कोणीही हसले नाही. सातारकडच्या मुलांना काही शब्द कळले नाहीत, ते त्यांनी नातवाला विचारून घेतले.

या कामात मला ज्यांचा आधार वाटत आला, त्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक. गुजरातमध्ये भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केल्यानंतर त्यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावात ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. (२०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात आहे.) वस्तीवरची मुले बालवाडीत येईनात, कारण त्यांना घरी धाकटी भावंडे सांभाळायची असत आणि गुरे राखायची असत. तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. आज देशभर रूढ असलेला अंगणवाडी हा शब्द त्या प्रयोगातून आला. गिजुभाईंचा गोष्टीविषयीचा आग्रह असा होता की ती प्रथम आनंदासाठी सांगावी. पालक आपल्याकडे येत नाहीत म्हणून मी खंत करत बसे, तेव्हा मला हे अंगण आठवे. आणि मग मी पालकसभेत व्याख्यान देणे सोडून, तुमच्या घरी आधीच काय चालते ते सांगा, असे विचारू लागले.

त्यातून वेळेच्या अडचणीवरही वाट सापडली. गोष्ट रात्री झोपतानाच सांगायची असते, असे कोणी ठरवले आहे? भाजी बाजारात काम करणारे वडील मध्यरात्रीनंतर घर सोडतात आणि दुपारी परत येतात, त्यांच्या घरी गोष्ट दुपारच्या जेवणाच्या ताटावर होऊ शकते. लोकलने दादर-कुर्ल्याला जाणारी आई सकाळी वेणी घालताना पाच मिनिटे बोलू शकते. मटार सोलताना, मेथी निवडताना, बालवाडीपर्यंत चालताना, जिन्यात, दिवे गेले असताना; दिवसातून पाच मिनिटे पुरतात, फक्त ती रोज मिळायला हवीत. घास भरवण्यासाठी गोष्टीचे आमिष दाखवू नये आणि बागुलबुवाला तर घरात घेऊच नये, कारण धाकासाठी सांगितलेली गोष्ट मुलाला सांगणाऱ्याजवळ आणण्याऐवजी त्याच्यापासून दूर नेते.

फोनमधल्या गोष्टींविषयी थोडक्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला फार तर एक तास, कमी असेल तर अधिक चांगले. आणि मूल बसलेले असेल तेव्हा त्याच्याबरोबर वाचावे, त्याला गोष्टी सांगाव्यात, असे त्याच सूचनांत म्हटले आहे. फोन मुलाच्या ‘का?’साठी थांबत नाही, माझी हरकत एवढीच आहे. तोच फोन हातात घेऊन लग्नातले, गावच्या जत्रेतले फोटो दाखवत ‘हे कोण, तेव्हा काय झाले होते’ असे बोलत बसलात, तर मला काहीच म्हणायचे नाही.

पुस्तकांनाही घरात जागा हवी, पण ती कपाटात नको. मुलाच्या हाताला येतील अशी चार पुस्तके जमिनीलगत ठेवावीत आणि ती फाटली तर चिकटवावीत. नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स यांची मराठी चित्रपुस्तके स्वस्त मिळतात, प्रथमच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीतल्या गोष्टी विनामूल्य वाचता येतात, आणि ठाण्याला राहणाऱ्यांजवळ तर १८९३ साली सुरू झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. ज्या आईला वाचता येत नाही, तिने चित्रे पाहून आपल्या मनाने सांगावे. माझ्या वर्गातल्या एका आईने एकच पुस्तक दोन वर्षे असे ‘वाचले’, आणि मुलगी पहिलीत वाचायला शिकली तेव्हा आतली छापील गोष्ट निराळीच आहे हे दोघींना कळले. मुलीने आईचीच गोष्ट खरी मानली.

आता माझा नातू चार वर्षांचा आहे आणि सध्या त्याला एकच गोष्ट हवी असते. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मी पाच वर्षांची होते. पाटण तालुक्यातल्या आमच्या घराची एक भिंत पडली, वडिलांनी मला घोंगडीत गुंडाळून उचलले आणि पुढचे कित्येक दिवस आम्ही थंडीत खळ्यावर झोपलो. शेजारच्या घरांत काय झाले ते मी त्याला सांगत नाही. ते तो मोठा झाल्यावर सांगेन. घोंगडी, अंधार, वडिलांचा खांदा, खळे आणि चांदण्या, एवढीच त्याची गोष्ट आहे आणि ती त्याला पाठ झाली आहे.

मागच्या आठवड्यात त्याने मध्येच विचारले, ‘आजी, मग म्हैस कुठे झोपली?’ गोठ्यात म्हैस होती हे मीच त्याला कधीतरी सांगितले होते, पण त्या रात्री तिचे काय झाले ते मला आठवेना. रात्रीचे साडेनऊ झाले होते. मी गावी माझ्या ताईला फोन लावला आणि तो मोठ्या आवाजावर ठेवला. ताई तेव्हा अकरा वर्षांची होती. ती म्हणाली की म्हशीने हादरा बसायच्या आधीच दावे तोडले होते आणि आम्ही खळ्यावर पोहोचलो तेव्हा ती तिथे उभीच होती. वडिलांनी तिला वाऱ्याच्या बाजूला बसवले आणि आम्हा पोरांना तिच्या आडोशाला झोपवले. ‘आणि तू आईजवळ यायला तयार नव्हतीस, म्हशीच्या पोटाला बिलगून झोपलीस,’ असे ताई म्हणाली. हे मला अठ्ठावन्न वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

नातू तोपर्यंत झोपून गेला होता. आम्ही दोघी पुढे तासभर बोलत राहिलो. आता रोज रात्री म्हैस वाऱ्याच्या बाजूला बसते. तिचे नाव काय होते ते मात्र ताईला विचारायचे राहून गेले, आणि काल त्याने नेमके तेच विचारले.